पाठीला पाठ

प्रस्तावना

माझ्या मुलीच्या पाठीचा बाक सर्वांत आधी पाहिला तो आमच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. शाळेचा नवा गणवेश घालून ती आरशासमोर उभी होती आणि बाई गुडघ्यांवर बसून स्कर्टची खालची पट्टी टाचत होत्या. दोनदा टाचली, दोनदा उसवली. मग मान वर करून म्हणाल्या, "ताई, माप चुकलेलं नाही. हिचा एक खांदा वर आहे बघा." मुलगी तेव्हा बारा वर्षांची. मी सवयीने म्हणाले, "सरळ उभी राहा गं." ती सरळच उभी होती.

आठवड्याभरात आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला पाय जुळवून, तळहात जोडून पुढे वाकायला सांगितलं. ती वाकली आणि उजवीकडच्या फासळ्यांचा उंचवटा मला स्पष्ट दिसला. गेली कित्येक वर्षं मी तिची वेणी घालत होते, पाठीला तेल लावत होते, आणि मला तो कधी दिसला नव्हता. एक्स-रेवर बाक २८ अंशांचा निघाला. डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हणाले, "नाही."

त्या रात्री मला आत्या आठवली. वडिलांची मोठी बहीण. उंच, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि हाताची बोटं इतकी लांब की आम्ही मुलं तिच्या तळव्यावर आमचा तळवा ठेवून मोजायचो. पदर ती नेहमी दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घ्यायची. त्या पदराखाली काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. फार खोदून विचारलं तर उत्तर मिळायचं, "लहानपणी एकाच कडेवर घागरी वाहिल्या म्हणून." वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी "पाठीत कळ आली" म्हणाली आणि तासाभरात गेली. तिच्या आजाराला नाव मिळालं नाही. इतक्या वर्षांनंतर आठवणीवरून ते देता येणार नाही आणि मी देणारही नाही. पण डॉक्टरांच्या प्रश्नाला माझं उत्तर चुकीचं होतं, एवढं नक्की. हे पुस्तक त्या "नाही"मधून जन्माला आलं आहे.

मराठीत भावंडांचं नातं आपण पाठीवरून सांगतो. पाठची बहीण, पाठचा भाऊ, पाठीला पाठ लावून आलेली भावंडं. एका पाठीकडे पाहताना तिच्या मागच्या-पुढच्या पाठी आठवाव्यात, असं जणू भाषाच सुचवते. पाठीचा बाक आणि शरीरातल्या संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार यांचं नातं शोधताना नेमकं हेच करावं लागतं.

आधी बाकाविषयी. पाठीच्या कुठल्याही वाकडेपणाला 'पोक' नाहीतर 'कुबड' म्हणून आपण मोकळे होतो. पोक येतं तेव्हा पाठ पुढे वाकते. स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वळतो आणि वळता वळता स्वतःभोवती पिळला जातो. त्या पिळामुळे एका बाजूच्या फासळ्या मागे ढकलल्या जातात. पुढे वाकल्यावर दिसणारा उंचवटा तो हाच. बाक मोजायची रीत जॉन कॉब या अमेरिकन शल्यविशारदाने १९४८ मध्ये मांडली. वळणाच्या दोन टोकांना सर्वांत जास्त कललेले मणके घ्यायचे आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. तो १० अंश किंवा अधिक भरला तर स्कोलिओसिस म्हणायचं. किशोरवयातल्या शंभर मुलांपैकी साधारण दोन-तीन मुलांत तो सापडतो. लहान बाक मुलगे आणि मुली दोघांतही जवळपास सारखे दिसतात. वाढत जाऊन उपचार लागणारे बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी अधिक असतात. जड दप्तर, वाकून बसायची सवय, उंच उशी, कडेवरची घागर यांनी असा बाक येत नाही. हे वाक्य मी या पुस्तकात अनेकदा लिहिलं आहे. कारण प्रत्येक घरात कुणीतरी मुलीला नाहीतर तिच्या आईला या गोष्टींसाठी बोल लावतंच.

पुढे वाकवून पाठ पाहायच्या त्या साध्या चाचणीमागे एका माणसाची मोठी वेदना आहे. इग्वानोडॉन या डायनोसॉरची ओळख १८२५ मध्ये जगाला करून देणारे इंग्लंडचे डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ गिडियन मँटेल आयुष्याची शेवटची वर्षं पाठीच्या असह्य दुखण्यात जगले. १८५२ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांचा कणा तपासला गेला, आणि तो बाजूला वळल्याबरोबर आतून पिळलेलाही आहे, हे विल्यम ॲडम्स या शल्यविशारदाने मांडलं. पुढे १८६५ मध्ये ॲडम्स यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. आज जगभर शाळा-दवाखान्यांत मुलांना वाकवून जी पाठ पाहिली जाते तिला त्यांचंच नाव आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. उजेड हवा आणि पाहणारी नजर हवी.

आपली नजर मात्र फार काळ दुसरंच काही पाहत आली. रामकथेतली मंथरा कुबडी, आणि तिचं मनही वाकडं. शेक्सपिअरने इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड रंगवला तो कुबडा आणि क्रूर. २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. कुबड नव्हतं; कणा बाजूला वळलेला होता, स्कोलिओसिस होता, आणि तो बहुधा किशोरवयात सुरू झालेला होता. अभ्यासकांनी नोंदवलं की चांगल्या शिंप्याने कपडे शिवले असतील तर हा बाक फारसा दिसलाही नसेल. ते वाचताना मला आमच्या बाईंच्या हातातल्या टाचण्या आठवल्या. अष्टावक्राच्या कथेत आठ ठिकाणी वाकलेलं शरीर येतं ते गर्भात असताना पित्याने दिलेल्या शापामुळे. बाक घराण्यातून येऊ शकतो, ही जाण त्या कथेत अंधूकपणे आहे. पण तिथे तो शाप आहे. इथून पुढच्या पानांत तो शाप नाही, कुणाचा गुन्हाही नाही. ती माहिती आहे.

आता संयोजी ऊती. जुन्या गलबताची डोलकाठी आठवा. ती उभी राहते ती नुसत्या लाकडाच्या बळावर नाही, तर चारी बाजूंनी ताणलेल्या दोरांवर. दोर सैल पडले की चांगलं लाकूडसुद्धा कलतं. कण्यातले मणके हाडांचे असले तरी त्यांना एकावर एक धरून ठेवतात ते अस्थिबंध आणि मधल्या चकत्या. या दोरांचा धागा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो, तर त्यांच्या लवचिकपणाला आधार देणारी बारीक चौकट फायब्रिलिन या प्रथिनाची. हीच प्रथिनं शरीरात इतर ठिकाणीही कामाला असतात. डोळ्यातलं भिंग ज्या तंतूंवर टांगलेलं असतं ते फायब्रिलिनचे. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची भिंत प्रत्येक ठोक्याला ताणली जाऊन पुन्हा जागेवर येते, त्यातही फायब्रिलिन आणि कोलॅजन दोन्ही आहेत. म्हणून वाढीच्या वयात एखाद्या मुलाची पाठ वळू लागते तेव्हा कधी कधी ती डोळ्याविषयी आणि हृदयाविषयीही काही सांगत असते. कधी कधी, नेहमी नव्हे. हे दोन्ही भान एकत्र ठेवणं या विषयात सर्वांत अवघड आहे.

यातला सर्वांत परिचित विकार मार्फन सिंड्रोम. १८९६ मध्ये पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फन यांनी विलक्षण लांब हातपाय आणि बोटं असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या व्हिक्टर मकूसिक यांनी सांधे, डोळे, हृदय आणि कणा यांच्या विखुरलेल्या तक्रारी एका सूत्रात ओवल्या. आनुवंशिक संयोजी ऊती विकारांवरचं त्यांचं पुस्तक १९५६ मध्ये आलं. १९९१ मध्ये फायब्रिलिन तयार करणाऱ्या, पंधराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात मार्फनचं मूळ सापडलं. साधारण पाच हजारांत एकाला हा विकार असतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. सुमारे पाव रुग्णांमध्ये मात्र बदल नव्यानेच घडलेला असतो आणि आधीच्या पिढीत कुणीच सापडत नाही. मार्फन असलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे सहा जणांना स्कोलिओसिस असतो.

उलट दिशेने पाहिलं की चित्र बदलतं. निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या गेंट निकषांच्या २०१० च्या आवृत्तीत अंगभर पसरलेल्या खुणांना गुण दिले आहेत. मनगट आणि अंगठा या दोन्हींच्या खुणा असतील तर ३ गुण, आणि पाठीच्या बाकाला अवघा १. कारण उघड आहे. बाक इतका सर्रास आढळतो की एकट्याने तो फारसं सिद्ध करत नाही. मात्र बोटं लांब आहेत, छातीचं हाड आत गेलेलं किंवा बाहेर आलेलं आहे, डोळ्याचं भिंग सरकलेलं आहे, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे, अशा गोष्टी शेजारी येऊन बसल्या की त्या एका गुणाचं वजन वाढतं.

एहलर्स-डॅन्लॉस या गटाची कथा वेगळी आहे. २०१७ च्या वर्गीकरणानुसार त्याचे तेरा प्रकार आहेत. त्यातल्या एका अतिशय दुर्मीळ प्रकाराचं नावच कण्याच्या बाकावरून पडलं आहे: कायफोस्कोलिओटिक. तो कळला तो दोन बहिणींमुळे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाठीला मोठा बाक, सैल सांधे आणि ताणली जाणारी त्वचा असलेल्या दोन सख्ख्या बहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या कोलॅजनमध्ये धाग्याला धागा घट्ट बांधणारा एक घटक कमी होता, आणि तो घडवणारं विकर शरीरात नीट काम करत नव्हतं. पाठीला पाठ लावून आलेल्या त्या दोघींनी एक सबंध दालन उघडलं.

हा प्रकार मार्फनसारखा एका पालकाकडून येत नाही. दोघांकडून एकेक सदोष प्रत मिळाली तरच तो प्रकट होतो, आणि पालक स्वतः निरोगी असतात. इथे आपल्या नात्यागोत्यांचा विषय थेट येतो. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रीतीची सविस्तर चर्चा केली आहे. ही रीत आजही अनेक समाजांत मायेने जपली जाते. ती वाईट आहे, असं मी म्हणत नाही. पण जवळच्या नात्यात तीच लपलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा घरात तान्ह्या बाळाचे स्नायू ढिले असतील आणि पाठ पहिल्याच वर्षात वळू लागली असेल, तर आनुवंशिकी तज्ज्ञांकडे जाण्यात उशीर करू नये.

सैल सांध्यांविषयीही बोलायला हवं. अंगठा मागे वाकून हाताला टेकतो, कोपर उलटं वळतं, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात. अशा हालचालींना बेटन यांच्या मापनात एकूण ९ गुण आहेत. आपल्याकडे अशा मुलीचं कौतुक होतं, "अंग किती लवचिक आहे हिचं!" योगासनांत, मल्लखांबात, नाचात ती पुढे असते. बहुतेक वेळा ते निव्वळ कौतुकाचंच असतं. पण पाहा, बेटन यांची शेवटची हालचाल आणि ॲडम्स यांची चाचणी जवळपास एकच आहे. मूल पुढे वाकलं की हात कुठपर्यंत पोचतात तेही पाहा आणि पाठीवर उंचवटा येतो का तेही पाहा. एका वाकण्यात दोन प्रश्न विचारून होतात.

मग माझ्या मुलीसारख्या मुलांचं काय? तिचे डोळे तपासले, हृदयाचा टू-डी इको झाला. तिच्या वडिलांचा, माझा आणि तिच्या भावाचाही झाला. सगळं व्यवस्थित निघालं. तिच्या बाकाला डॉक्टर इडिओपॅथिक म्हणतात, म्हणजे कारण न सापडलेला. बहुसंख्य बाक याच खात्यात जातात. पण कारण सापडलं नाही म्हणजे घराण्याचा संबंध नाही, असं होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला बाक असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ७३ टक्के निघालं, वेगळ्या जुळ्यांत ३६. आणि २०१४ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवलं की ज्यांना मार्फन नाही, पण बाक तीव्र आहे, अशा मुलांमध्येही फायब्रिलिनच्या दोन जनुकांतले दुर्मीळ बदल अपेक्षेपेक्षा अधिक आढळतात. दोन वर्षांनी कोलॅजनच्या एका जनुकाबद्दलही असंच दिसलं. म्हणजे 'विकार आहे' आणि 'विकार नाही' यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. त्या उतारावर आपलं मूल कुठे उभं आहे ते प्रत्येक वेळी सांगता येईलच असं नाही. पण ते शोधायचं तर घरातल्या बाकीच्या माणसांकडे पाहावंच लागतं.

आणि इथेच आपण अडतो. घरात काही आहे हे आपण बोलत नाही. स्थळ मोडेल म्हणून बोलत नाही. एका बहिणीचा बाक कळला तर पाठच्या बहिणीचं लग्न अडेल, या भीतीने एक्स-रे कपाटात वरच्या फळीवर जातो. ही भीती खोटी नाही. तिची किंमत मुलींनी मोजली आहे. पण गप्प राहण्याचीही किंमत आहे. मार्फनमध्ये महाधमनी रुंदावलेली असेल तर गरोदरपणात ती फाटण्याचा धोका वाढतो. लग्नाआधी जे लपवलं, ते बाळंतपणात जिवावर बेतू शकतं. वेळेवर कळलं तर औषधं आहेत, नियमित इको आहे, गरज पडल्यास फाटण्याआधी करायची शस्त्रक्रिया आहे.

एका घराची हकीकत मला विसरता येत नाही. फ्लो हायमन ही अमेरिकेची सहा फूट पाच इंच उंचीची व्हॉलीबॉलपटू, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातली. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधल्या मात्सुए शहरात सामना चालू असताना ती राखीव खेळाडूंच्या बाकावर येऊन बसली आणि कोसळली. वय ३१. शवविच्छेदनात महाधमनी फाटल्याचं आणि मार्फन असल्याचं कळलं. जिवंतपणी ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला आणि त्याच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. बहिणीचं निदान तिच्या मृत्यूनंतर झालं. भावाचं वेळेवर झालं, कारण कुणीतरी तिच्या पाठच्यांकडे पाहिलं.

पुस्तकाची रचना या विचारातून झाली आहे. पहिल्या भागात बाकाची ओळख आहे आणि घरच्या घरी पाठ कशी पाहावी ते आहे. मुलींची पाठ दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी निदान एकदा उजेडात पाहावी. दुसऱ्या भागात एकेका विकाराचं प्रकरण आहे. तिसऱ्या भागात डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारायचे प्रश्न आहेत. कुणाची पाठ वाकडी होती? कुणाची नजर लहानपणापासून फार अधू होती? कुणाचे सांधे वारंवार निखळायचे, हाडं सहज मोडायची? कुणी चाळिशी-पन्नाशीआधी अचानक गेलं का, आणि जाताना कुठे दुखत होतं? चौथा भाग उपचारांचा. बाक वाढू नये म्हणून पाठीला लावायच्या ब्रेसबद्दल पालकांच्या मनात शंका असते, म्हणून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिका आणि कॅनडातला मोठा अभ्यास तिथे उलगडून सांगितला आहे. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांखाली राहिला, न वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुलांचा. जितके तास जास्त, तितका उपयोग जास्त. मार्फनमध्ये मात्र ब्रेस तितका प्रभावी ठरत नाही, आणि शस्त्रक्रियेआधी हृदय तसंच मज्जारज्जूभोवतीचं आवरण तपासावं लागतं. आधी निदान नीट व्हायला हवं, ते यासाठी. मी डॉक्टर नाही. या पानांवरून कुणी स्वतःचं निदान करू नये. डॉक्टरांसमोर बसताना आपल्याकडे उत्तरं असावीत, इतकाच या पुस्तकाचा उपयोग.

शेवटी एक कागद. आनुवंशिकी तज्ज्ञांनी आम्हाला घरचा नकाशा काढायला सांगितला होता: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आमच्याकडे पणजोबांनी लिहिलेली वंशावळ आहे, सात पिढ्यांची. मी ती मोठ्या आशेने उघडली. तिच्यात फक्त मुलगे होते. आत्या नव्हती, तिची आत्याही नव्हती. अर्धं घर त्या कागदावर आलेलंच नव्हतं, आणि मी त्यातच उत्तर शोधत होते.

मग माझ्या मुलीने नवा कागद घेतला. ब्रेस घातल्यामुळे तिला टेबलावर वाकता येत नव्हतं, म्हणून वही उभी धरून तिने पट्टीने रेघा मारल्या. आजोबांचा चौकोन काढला आणि त्याच्या शेजारी, त्याच रेघेवर, एक वर्तुळ. "आत्याआजी उंच होती ना? मग मोठं काढते," म्हणाली. वर्तुळाखाली तिने आत्याचं नाव लिहिलं, तिच्या जाण्याचं वय लिहिलं आणि कंसात दोन शब्द लिहिले: पाठ, डोळे. आमच्या घरात ते पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

हे पुस्तक त्या वर्तुळाला अर्पण केलं आहे.